फ्री स्टाईलची कॉमेंट्री मराठीत करायची तर कशी?

बर्डीवाला

मंडळी, हसू नका. हसणारच आहात, पण आधी वाचून घ्या.

जानेवारीत कोराडी रोडवरच्या एका लॉनवर फ्री स्टाईलचा शो होऊन राहिला. डब्ल्यूडब्ल्यूईच्या धर्तीवर. रिंग, दोर, मुखवटे, एन्ट्रीला गाणं, सगळं. पोट्टे बहुतेक इकडचेच, दोघं-तिघं पंजाबात शिकून आलेले. मी गणपतीत आणि कबड्डीच्या स्पर्धांत माईक धरतो, म्हणून आयोजक म्हणाले, "भाऊ, कॉमेंट्री तुमचीच, अन् मराठीतच पाहिजे." मी हो म्हणून बसलो.

आता रात्री जुन्या लढती लावून ऐकून राहिलो. कबड्डीत जे दिसतं ते बोलायचं. चढाई आली, बोनस घेतला, पकड झाली, पुढे चला. इथे कोण जिंकणार ते आयोजकानं मला आधीच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवलंय. निकाल खिशात घेऊन श्वास रोखल्यासारखं बोलायचं कसं? नुसतं ओरडणं म्हणजेच कॉमेंट्री का? माझं मत: नाही. उलट लढत ठरलेली असते म्हणूनच बोलणाऱ्याचं काम वाढतं. पण ते काम नेमकं काय, हे ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय त्यांनी सांगा.

पुणेरी_मिसळ

आधीच ठरलेली नूरा कुस्ती पाहायला नागपुरात वेगळा शो कशाला? दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतंच की.

तर्रीबाज

@पुणेरी_मिसळ, त्याची कॉमेंट्री करायला चॅनेलवाले बसलेत. इथं लोक तिकीट काढून येणार आहेत, फरक आहे ना बे.

रॉ_इज_वॉर

दादा, ओरडण्याबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. 28 जून 1998, पिट्सबर्ग, किंग ऑफ द रिंग हा शो. अंडरटेकर आणि मॅनकाइंड हे दोघं पैलवान पिंजऱ्याच्या छतावर. छत जमिनीपासून साधारण 16 फूट. अंडरटेकरनं त्याला वरून फेकलं, तो थेट स्पॅनिश कॉमेंटेटरांच्या टेबलावर आदळला. कॉमेंटेटर जिम रॉस किंचाळला, "गुड गॉड ऑलमायटी! दे हॅव किल्ड हिम!" आणि पाठोपाठ, "ॲज गॉड ॲज माय विटनेस, ही इज ब्रोकन इन हाफ!" वाक्य धड जुळलेलंही नाही, पण फ्री स्टाईल पाहणाऱ्या कुणालाही ते झोपेत विचारा.

लोकांना ती किंकाळी आठवते. मला त्याच लढतीतलं दुसरं वाक्य मोठं वाटतं. मॅनकाइंड स्ट्रेचरवरून उठून परत वर चढला, अंडरटेकरनं त्याला छतावर आपटलं आणि छताची जाळीच निसटली. ते ठरलेलं नव्हतं. तो सरळ खाली रिंगमध्ये. तेव्हा रॉस म्हणाला, "विल समबडी स्टॉप द डॅम मॅच?" इथं तो वर्णन करतच नाहीये. घरी बसलेल्या माणसाला जे म्हणावंसं वाटलं, ते तो त्याच्या वतीनं म्हणतोय.

आणि एरवी तो या पट्टीत नसतोच. एरवी हा माणूस कुठला, कॉलेजात फुटबॉल खेळायचा का, गेल्या महिन्यात गुडघा कुठला दुखावला होता, हे ओक्लाहोमाच्या हेलात सांगत बसलेला असतो. खाली बोलणारा माणूस वर गेला की ऐकणारा दचकतो. सुरुवातीपासून वरच असलेल्यानं जायचं कुठं?

तर्रीबाज

हाच रॉस 1993 च्या रेसलमेनियात, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोत, रोमन माणसासारखी पांढरी चादर गुंडाळून बसला होता. लास वेगासला. कंपनीतला पहिला मोठा दिवस अन् बिचाऱ्याला चादर. बर्डीवाले, तुम्ही ड्रेसचं आधीच बोलून घ्या.

बर्डीवाला

आयोजक फेट्याचं म्हणून राहिले. चालेल ना फेटा?

महालचा_पैलवान

फेटा चालणार नाही. फेटा वस्तादाच्या डोक्यावर शोभतो.

बेटा, मी तुझ्यापेक्षा बरेच पावसाळे पाहिले. लाल मातीत लढलोय आणि गुडघे गेल्यावर कुस्त्यांच्या आम दंगलीत माईकही धरलाय. म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नको. पोरं उड्या मारतात, मेहनत करतात, त्याला माझं ना नाही. पण ती कुस्ती नाही. त्यामुळे तिथं ढाक, एकलांगी, धोबीपछाड, कलाजंग ही नावं घेऊ नकोस. एकेक डाव बसवायला पोराची सहा-सहा महिने मान मोडते. त्याचं नाव ठरवून पडणाऱ्याला देऊ नये.

आता कामाचं. दंगलीतला निवेदक काय करतो ते ऐक. जोड लागली की पहिली कितीतरी मिनिटं खडाखडीच चालते. मनगट धर, सोड, डोक्याला डोकं. बघणाऱ्याला वाटतं काहीच होत नाही. तेव्हा निवेदक सांगतो, हा अमक्या गावचा, अमक्या तालमीचा, याच्या वस्तादानं याच मैदानात कुणाला आस्मान दाखवलं होतं. मग मध्येच कोणी पाटील हात वर करतो आणि आपण पुकारतो, "कुस्ती निकाली झाली तर अमुक रुपये इनाम!" डफडं चढतं, आणि आखाड्यातले ते दोघं ते ऐकतात. ऐकून अंगात येतं. म्हणजे निवेदक कुस्तीच्या बाहेर नसतोच. पट निघाला, स्वारी भरली, म्हणजे डाव बसायला लागला, की मात्र तोंड बंद. तेव्हा बोलला तर लोक चप्पल दाखवतात.

संत्राबर्फी

काका, "काहीच होत नाही तेव्हा बोलायचं आणि होतं तेव्हा गप्प बसायचं" हे फ्री स्टाईलमध्येही तसंच आहे हो. गळ्याला हात घालून दोघं मॅटवर पडून राहतात ना, तेव्हा ते दम खातात आणि पुढचं काय ते एकमेकांच्या कानात ठरवतात. तेवढा वेळ लोकांना धरून ठेवायचं काम कॉमेंटेटरचं.

दादा, माझा मुद्दा वेगळा आहे. तुम्ही जिम रॉस शिकत बसू नका. वाईटांची बाजू घेणारा कॉमेंटेटर बॉबी हीनन शिका. 19 जानेवारी 1992, रॉयल रंबल, ऑल्बनी. एकेक करत तीस जण रिंगमध्ये येतात, दोरावरून बाहेर पडला तो बाद, शेवटी उरेल तो चॅम्पियन. हीननचा लाडका रिक फ्लेअर तिसऱ्याच नंबरावर आला. एवढ्या लवकर आलेला माणूस शेवटपर्यंत टिकणं जवळपास अशक्य. आणि फ्लेअर तासभर टिकला.

तो तासभर हीनन माईकवर मरत होता. कोणी फ्लेअरला मारलं की "दॅट्स नॉट फेअर टू फ्लेअर!" फ्लेअरला कोणी वाचवलं की त्याचे उपकार, आणि पुढच्याच क्षणी त्याच माणसानं फ्लेअरला मारलं की त्याच्या नावानं शंख. शेजारी दुसरा कॉमेंटेटर गोरिला मॉन्सून शांतपणे त्याला टोकत बसलेला. डोळे मिटून नुसतं हीननला ऐकलं तरी रिंगमध्ये फ्लेअरचं काय चाललंय ते कळतं. निकाल ठाऊक होता की नव्हता याचा तिथं प्रश्नच येत नाही. त्याला फक्त एकच माहीत असायला हवं होतं: मी कुणाच्या बाजूचा.

इतवारी_एक्स्प्रेस

रिक फ्लेअरचं ट्रम्प कार्ड माझ्याकडे होतं!!

तर्रीबाज

चालू झालं.

इतवारी_एक्स्प्रेस

प्रत्येक कार्डावर एक पैलवान अन् त्याचे आकडे: चेस्ट, बायसेप्स, वेट, फाइट्स फॉट, फाइट्स वन, रँक. अर्धी सुट्टी झाली की जिन्याखाली बसून. रँक एकवाला ज्याच्याकडे आला तो मधल्या सुट्टीपुरता राजा. आमच्या सरांनी अख्खा गठ्ठा जप्त केला आणि नंतर स्टाफरूममध्ये तेच खेळताना दिसले, ही गोष्ट मी कुणाला पटवू शकलेलो नाही.

रॉ_इज_वॉर

मला पटली.

कार्डांवरून आठवलं ते या धाग्याला लागू आहे. आम्ही मराठी शाळेतली पोरं. केबलवर लढती लागायच्या त्या इंग्रजीत. शब्द एक कळत नव्हता. तरी वाईट माणूस कोण आणि आता काहीतरी भयंकर होणार, हे आवाजावरून कळायचं. वजन अन् गाव कार्डावरून पाठ, बाकी सगळं सुरांवरून. बर्डीवाले, तुमची कॉमेंट्री रेकॉर्ड करा आणि मराठी न कळणाऱ्या माणसाला ऐकवा. कोण हरतंय ते त्याला सांगता आलं तर जमलं.

साउंडचेक

इतक्या प्रतिसादांत मुख्य प्रश्न कोणी विचारलाच नाही. हा आवाज जाणार कुठं?

मी शोंना साउंड लावतो, म्हणून हे पहिले डोक्यात येतं. डब्ल्यूडब्ल्यूईच्या स्टेडियममध्ये बसलेल्या प्रेक्षकाला कॉमेंट्री ऐकू येत नाही. एक अक्षर नाही. त्याला फक्त रिंग अनाउन्सर, गाणी आणि घंटा. रॉस, लॉलर, कोल हे कॉमेंटेटर जे बोलत आले ते टीव्हीवाल्यांसाठी. काकांच्या दंगलीत उलटं, तिथं निवेदक भोंग्यावर असतो, पैलवान अन् पब्लिक दोघंही ऐकतात. ही दोन सर्वस्वी वेगळी कामं आहेत. तुम्हाला नेमकं कुठलं दिलंय?

समजा भोंग्यावरच दिलंय आणि वाईट पैलवान पंचाच्या पाठीमागं लोखंडी खुर्ची काढून राहिला. टीव्हीवर तुम्ही म्हणाल, "पंच बघत नाहीये!" लॉनवर हेच भोंग्यावर म्हणालात तर पंचालाही ऐकू जाणार. मग तो वळत का नाही, हे लहान पोरगं विचारेल. झाली मजा.

बर्डीवाला

@साउंडचेक, आता आयोजकाला फोन करून विचारलं. म्हणाला, "दोन्ही." लॉनवर भोंग्यावर पण पाहिजे अन् नंतर यूट्यूबवर टाकायला पण पाहिजे.

साउंडचेक

"दोन्ही" म्हणणाऱ्या आयोजकांनी माझे केस पांढरे केलेत. दोन वेगळे माईक, दोन वेगळी माणसं. भोंग्यावर फक्त नाव, गाव, वजन, एन्ट्री आणि निकाल. यूट्यूबवाला आवाज हेडफोन लावून टेबलावर, भोंग्यात न सोडता. रेकॉर्डरला पब्लिकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या. तो नसेल तर कॉमेंट्री विहिरीतून आल्यासारखी लागते.

पुणेरी_मिसळ

प्रामाणिक शंका. यूट्यूबचं असेल तर शो झाल्यावर घरी बसून, चहा पीत, नीट शब्द जुळवून का बोलू नये?

रॉ_इज_वॉर

करता येतं. डब्ल्यूडब्ल्यूईचं स्मॅकडाउन वर्षानुवर्षं मंगळवारी रेकॉर्ड होऊन नंतर लागायचं, कामचलाऊ दुरुस्त्या मागाहून व्हायच्या. पण चुका होतात ना त्या जिवंत झाकायच्या असतात. पोरगा दोरावरून घसरला, पलटी अर्धीच बसली. तेव्हा पट्कन "दमलाय, पाय थरथरतायत त्याचे" असं म्हणालात तर घसरणं गोष्टीत बसून जातं. घरी चहा पीत म्हणालात तर सुचतं, पण आवाजात ती घाई येत नाही.

झाडीपट्टीकर

जय विदर्भ. मी वडश्याच्या झाडीपट्टी नाटक कंपन्यांत दोन हंगाम खलनायक केलाय. रात्री दहाला पडदा उघडतो अन् कोंबडं आरवलं तरी नाटक चालू असतं. तिथला अनुभव सांगतो.

खलनायकाला शिव्या पडल्या पाहिजेत, ही आमची कमाई. पण नुसता हा हा हा हसणारा खलनायक तिसऱ्या प्रवेशात पब्लिकला कंटाळवाणा होतो. ज्याच्याकडे कारण असते त्याच्यावर लोक पेटतात. "जमीन माझ्या बापाची होती" असं तो अगदी शांतपणे म्हणतो, अन् अर्ध्या मंडपाला वाटते, खरं तर बरोबर बोलून राहिला हरामखोर. तेव्हा शिव्या येतात.

तर संत्राबर्फी ताईंनी हीननचं सांगितलं ते शंभर टक्के. माईकवर दोन माणसं पाहिजेत. एक सरळ माणूस, जो काय झालं ते सांगेल. दुसरा वाईटाचा वकील, ज्याला प्रत्येक लांडीलबाडीचं कारण ठाऊक असेल. आणि त्यानं आपली बाजू शो संपेपर्यंत सोडायची नाही. मध्येच त्यालाही दया आली की गेलं.

रॉ_इज_वॉर

बाजू न सोडण्यावरून एक जुना वाद. जुलै 1996, डेटोना बीच. दोन बंडखोर सगळ्यांना बदडत असतात, त्यांचा तिसरा साथीदार कोण ते कुणालाच माहीत नसतं, आणि वाचवायला हल्क होगन येतो. सगळ्या देशाचा लाडका. प्रेक्षक बेभान. आणि कॉमेंट्रीवर हीनन म्हणून जातो, "पण तो कुणाच्या बाजूनं आलाय?" पुढच्या क्षणी होगन फिरतो, तोच तिसरा निघतो. हीननने गुपित फोडलं म्हणून लोक आजही भांडतात.

माझं मत, फोडलं. एवढा मोठा क्षण, दोन सेकंद गप्प बसता आलं असतं.

संत्राबर्फी

फोडलं वगैरे काही नाही. तो बारा वर्षं होगनच्या नावानं बोटं मोडत होता. होगन देवळात दिवा लावायला आला असता तरी हीननने तेलात भेसळ आहे का विचारलं असतं. त्या दिवशी तो नाही बोलला असता तर उलट शंका आली असती.

रॉ_इज_वॉर

ताई, हे मला पटत नाही, पण उत्तर सुचत नाहीये.

बरं, हे सोडा, खरोखर चूक कोणती ते सांगतो. 4 जानेवारी 1999. दोन कंपन्यांचे शो एकाच वेळी. प्रतिस्पर्धी कंपनीचा नायट्रो थेट प्रक्षेपित होत होता, तिकडे डब्ल्यूडब्ल्यूईचं रॉ आधीच रेकॉर्ड केलेलं होतं आणि त्यात मिक फोली, म्हणजे वरचा मॅनकाइंडच, चॅम्पियन होणार होता. नायट्रोचा कॉमेंटेटर टोनी शिवोनी यानं वरून आलेल्या हुकमावरून ते माईकवर सांगून टाकलं, आणि वर टोमणा: याच्यामुळे खुर्च्या भरतील म्हणे! लोकांनी पटापट चॅनेल बदललं. फोलीला जिंकताना बघायला.

निकाल सांगितला एवढंच नाही. ज्यानं दोनदा छतावरून पडून घेतलं त्याला कमी लेखलं. समोरच्या कंपनीचा असला म्हणून काय झालं? पैलवान मोठा करायचा, तो लहान करणारा कॉमेंटेटर काय कामाचा?

महालचा_पैलवान

हे वाक्य मला आवडलं. मैदानात आम्ही हरलेल्याचंही नाव घेतो, गाव घेतो. तो चितपट झाला तरी जिंकलेल्याची किंमत त्याच्यावरूनच ठरते.

इतवारी_एक्स्प्रेस

काका, दारासिंग पाहिलेत का तुम्ही?

महालचा_पैलवान

रिंगमध्ये नाही पाहिला. वडील सांगायचे. किंगकाँग नावाच्या पैलवानाशी लढती व्हायच्या तेव्हा इकडचे लोक मुंबईला जाणाऱ्याकडून वर्णन ऐकायला थांबायचे. 1968 ला लू थेझला हरवलं तेव्हा आमच्या तालमीत पेढे वाटले म्हणे. ती फ्री स्टाईलच. तेव्हाही म्हातारे म्हणायचेच, नूरा आहे. पेढे मात्र खाल्ले सगळ्यांनी.

तर्रीबाज

😂😂 काका वितळले.

बर्डीवाला

काका, मग डावांची नावं? सुप्लेक्स, डीडीटी, पाइलड्रायव्हर हे मराठी कॉमेंट्रीत जसंच्या तसं म्हणू का? तुमची नावं तर तुम्ही देऊन नाही राहिले.

महालचा_पैलवान

पट काढला तर पट काढला म्हण. तो तिथंही खराच काढतात. बाकी त्यांचं त्यांना लखलाभ.

संत्राबर्फी

नाव घेतलं म्हणजे काम झालं असं नाही. फ्लोरिडात गॉर्डन सोली म्हणून कॉमेंटेटर होता, सत्तरीच्या दशकात त्याचा आवाज म्हणजे फ्लोरिडाची कुस्ती. तो बातम्या दिल्यासारखा बोलायचा. पकड बसली की कुठला सांधा, दाब कुठून येतोय, सुटायला काय करावं लागेल. आवाज चढवायचा नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटायचं, एवढा शांत माणूस खोटं कशाला बोलेल.

तुम्ही सुप्लेक्सच म्हणा, पोरांना ते शब्द तोंडपाठ आहेत. पण पुढच्याच वाक्यात कुठं लागलं ते सांगा. पाठ, मान, खांदा. आणि लागलेलं विसरू नका. पाचव्या मिनिटाला खांदा दुखावला असेल तर पंधराव्या मिनिटाला त्याच हातानं उचलताना त्याला त्रास झाला पाहिजे. पैलवान विसरला तर तुम्ही आठवण द्या.

साउंडचेक

विषय थोडा गंभीर करतो. खरोखर लागलं तर काय? मराठी आवाजात हे कोणी ठरवून ठेवलंय का?

23 मे 1999, कॅन्सस सिटी. पैलवान ओवेन हार्ट छतावरून खाली सोडला जात असताना पडला आणि गेला. टीव्हीवर तो क्षण दाखवला नाही. जिम रॉसला लोकांना सांगावं लागलं की हा कार्यक्रमाचा भाग नाही, आणि नंतर, तो वारला हेही. ज्या आवाजानं वर्षभर ठरवलेल्या गोष्टी खऱ्या करून सांगितल्या, त्याच आवाजाला आता हे खरंच खरं आहे हे पटवायचं होतं. 10 सप्टेंबर 2012 ला मॉन्ट्रियलमध्ये जेरी लॉलर कॉमेंट्रीच्या टेबलावरच हृदयविकारानं कोसळला. मायकल कोलनं पुढच्या लढतींची कॉमेंट्री थांबवली, फक्त तब्येतीची माहिती देत राहिला, आवाज एकदम सपाट करून. लॉलर वाचला.

तर बर्डीवाले, पंचाशी आधीच ठरवा. तिकडे खरोखर लागलं की पंच डोक्यावर दोन्ही हातांची फुली करतो. ती दिसली की सगळं नाटक बंद, "डॉक्टर रिंगमध्ये जात आहेत, थोडा वेळ द्या" एवढंच. आणि रुग्णवाहिका उभी आहे ना ते आयोजकाला लेखी विचारा.

बर्डीवाला

रुग्णवाहिकेचं आजच बोललो. तो म्हणे, "पाहू." मी म्हटलं, पाहू नाही, नाहीतर माईक दुसऱ्याला द्या. मग झाली सोय.

दुसरी कटकट: प्रायोजकांची यादी पाठवलीय. दर पाच मिनिटांनी लॉनचं नाव, सावजी हॉटेल, टाइल्सवाला अन् एक कोचिंग क्लास. आणि मला इअरफोन लावणार, त्यात आयोजक मागून सांगत राहणार, आता हे म्हणा, आता ते म्हणा.

रॉ_इज_वॉर

अभिनंदन, तुम्हाला तुमचा व्हिन्स मॅकमन मिळाला. डब्ल्यूडब्ल्यूईचा तेव्हाचा हा मालक 1997 पर्यंत स्वतः कॉमेंट्री करायचा. खुर्ची सोडल्यावर वर्षानुवर्षं पडद्यामागं बसून कॉमेंटेटरांच्या कानात बोलत राहिला. काय म्हणायचं, काय नाही, कुणाचं नाव घ्यायचं. भलेभले कॉमेंटेटर त्या काळात एकसारखे वाटायचे याचं कारण तेच.

तर्रीबाज

"आणि हा बसला गुडघा, थेट बरगडीत! बरगडी मोडली तरी चालेल, टाइल्स मोडणार नाहीत!" घ्या, प्रायोजक खुश.

बर्डीवाला

हे मी वापरणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

बरं, काल रात्री एक जुनी लढत आवाज बंद करून लावली आणि मोबाइलवर बोलून पाहिलं. चांगल्या माणसाला वाघ म्हटलं, वाईटाला मुखवटा. लिहून काढतो, सोलून काढा:

"आणि पाहता पाहता मुखवट्यानं आपल्या राक्षसी, बलदंड, पोलादी बाहूंनी वाघाला उचललं आणि धाडकन, अक्षरशः धाडकन आपटलं! काय ही ताकद! काय हे क्रौर्य! प्रेक्षकहो, असं दृश्य या नगरीनं कधी पाहिलं नसेल! वाघ विव्हळतोय, तळमळतोय, पण वाघ तो वाघच!"

महालचा_पैलवान

उचलायला दोन सेकंद लागले असतील. तू अर्धा मिनिट बोललास. तोवर वाघ घरी पोहोचला.

झाडीपट्टीकर

अन् सगळं वाघाच्या बाजूनं. मुखवट्याला बाजूच नाही. वकील कुठं आहे त्याचा?

संत्राबर्फी

दादा, गप्प बसण्याचा एक नमुना पाहा. रेसलमेनिया 30, एप्रिल 2014, न्यू ऑर्लिन्स. अंडरटेकर तिथं एकवीस लढती अजिंक्य होता, आणि ब्रॉक लेस्नरनं त्याला तीनपर्यंत दाबून धरलं. कॉमेंटेटर काहीच बोलले नाहीत. कॅमेरा प्रेक्षकांवर, एकेक तोंड उघडं पडलेलं. मग कोल म्हणाला की स्ट्रीक, म्हणजे ती अजिंक्य मालिका, संपली. तोवर सगळं चेहऱ्यांनी सांगून झालं होतं.

तुमच्या त्या परिच्छेदातलं "अक्षरशः" पासून पुढचं सगळं कापा. दोन जणांत वाटा आणि परत लिहा.

बर्डीवाला

घ्या. एक म्हणजे मी, दुसरा कोण ते ठरायचंय.

एक: सुप्लेक्स. उजव्या खांद्यावर पडला. परत उजवाच.
दोन: मघाशी खांबावर आपटला होता तोच ना?
एक: आपटवला होता.
दोन: छे छे. तो स्वतः धावत गेला. मुखवट्यानं फक्त बाजूला होऊन वाट करून दिली. संस्कार म्हणतात याला.
एक: हात वर जात नाहीये वाघाचा. पंच विचारतोय, सोडतोस का?
दोन: सोड म्हणावं. आई जेवायला थांबली असेल.
एक: मान हलवली. नाही म्हणाला.

मग गप्प. वाघ उठेपर्यंत दोघंही गप्प.

महालचा_पैलवान

आता ऐकावंसं वाटलं.

रॉ_इज_वॉर

"आई जेवायला थांबली असेल"वर लॉनमधून शिव्या येतील. अप्रतिम. फक्त आपटवला होता हे म्हणताना चिडू नका, दुरुस्ती केल्यासारखं म्हणा. मॉन्सून तसंच करायचा.

झाडीपट्टीकर

दोन नंबरसाठी मी आनंदानं आलो असतो, पण जानेवारी म्हणजे आमचा भर हंगाम. एक दिवस सुटत नाही.

तर्रीबाज

दोन नंबर माझ्या डोळ्यांसमोर आहे. शांत आवाज, प्रत्येक गोष्टीत खोट काढणार, चूक कधीच आपली नाही, आणि वर "संस्कार म्हणतात याला" हे वाक्य जन्मापासून पाठ. @पुणेरी_मिसळ, कुठं गेलात?

बर्डीवाला

तर्रीबाज, पार्टी तुमच्याकडून नाही, माझ्याकडून. पुणेरी भाऊ, अहो खरंच या. पहिल्या वाक्याला फक्त "मी मूळचा पुण्याचा" एवढं म्हणायचं. पुढे मुखवट्याला काही करावंच लागणार नाही, लॉन तुमच्यावरच पेटेल.

पुणेरी_मिसळ

मानधन? आणि जाण्यायेण्याचं स्लीपर नको, थ्री टियर एसी. शिवाय दुपारी एक ते चार मी बोलणार नाही.

साउंडचेक

शो संध्याकाळी सातला आहे. तुमचा माईक चॅनेल तीनवर लावतो, बर्डीवाल्यांचा दोनवर. मधे एक खुर्ची रिकामी ठेवू, मुखवटा चिडून टेबलाकडे आला तर त्याला बसायला.

झाडीपट्टीकर

अन् टेबल मोडायचं ठरलंच असेल तर पुणेरी भाऊंना आधी सांगू नका.